डोक्यावर उभा एस

१

सोमवारी सकाळी आठ वाजता मी स्टुडिओचं दार उघडलं, तेव्हा मार्गिट लेहतो स्वतःच्याच टेबलाखाली पडलेली होती आणि तिच्या डोक्याची डावी बाजू जागेवर नव्हती.

हे गोड शब्दांत सांगता येत नाही, म्हणून असंच सांगते. रविवारी इमारतीचं हीटर बंद असतं. फळ्यांच्या फटींत शिरलेलं रक्त काळं पडून गोठलं होतं. तिच्या उजव्या मुठीत पेन्सिलीचा अर्धा तुकडा होता. मी कचऱ्याच्या डब्यात ओकले, पोलिसांना फोन केला आणि माझ्या स्टुलावर बसून राहिले.

मी व्हर्ना क्विस्ट. एकतीस वर्षं मी अक्षरं काढते. लोकांना वाटतं अक्षरं आकाशातून पडतात. तुमच्या फोनवर दिसणारी, पावाच्या वेष्टनावरची, जहाजाच्या कुशीवरची, सगळी कुणीतरी मान मोडून काढलेली असतात. इथे डुलुथमध्ये, सरोवराकाठच्या विटांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ‘ॲम्डाल टाइप’ नावाचा आमचा स्टुडिओ आहे. मालक रसेल ॲम्डाल. त्याचा ‘टॅमरॅक’ हा फॉन्ट अर्ध्या देशाने डोक्यावर घेतला आहे. मार्गिट आठ वर्षं त्याच्या हाताखाली होती. त्याने काढलेली अक्षरं घासूनपुसून पक्की करायची, हे तिचं काम.

प्रेताकडे बघवत नव्हतं, म्हणून मी समोरच्या भिंतीकडे बघत बसले. तिथे ओकची लांब फळी आहे आणि तिच्यावर टॅमरॅकची फूटभर उंचीची ओतीव लोखंडाची अक्षरं सुटी उभी असतात. आमची रीत अशी, की गिऱ्हाइकाचा लोगो ठरला की त्याचं नाव त्या फळीवर चढवायचं आणि पुढचं गिऱ्हाईक येईपर्यंत ठेवायचं. त्या आठवड्यात हॅस्केल नावाच्या बेकरीचं नाव होतं. सात अक्षरं, त्यातलं तिसरं एस.

एस उलटा होता.

तुम्हाला कळला नसता. एसचं वरचं पोट खालच्या पोटापेक्षा जरासं लहान काढतात, नाहीतर तो पुढे कलंडल्यासारखा दिसतो. उलटा केला तर जड डोक्याच्या माणसासारखा वाटतो. आमच्या धंद्यातल्या माणसाला ते खोलीच्या दुसऱ्या टोकावरून खुपतं. मला तर त्या अवस्थेतही खुपलं. लाज वाटली, पण उठले आणि तो उचलला. चांगलं सहा-सात किलोचं धूड. वरच्या अंगाला हिरव्या कापडाचे दोन ठिपके चिकटले होते, कुठला तरी कचरा असेल. बाकी अक्षर स्वच्छ धुतलेलं होतं.

पण खालच्या वळणाच्या आत, जिथे फडकं पोचत नाही, तिथे काहीतरी वाळलेलं होतं आणि त्यात एक लांब लाल केस अडकला होता.

मार्गिटचे केस लाल होते.

२

“हात कशाला लावला बाई?” डिटेक्टिव्ह निएमी म्हणाला. हा पन्नाशीचा, बुटका, सदानकदा नाक ओढणारा माणूस. “माझी माणसं दोन तास हातोडी शोधत बसली असती, तेवढंच त्यांना काम मिळालं असतं.”

“उलटा होता. राहवलं नाही.”

“उलटा?” तो फळीसमोर जाऊन उभा राहिला, मान वाकडी करून पाहिलं, मग दुसरीकडे वाकडी केली. “मला मारून टाकलंत तरी कळणार नाही.”

मी समजावलं. त्याने दोनदा नाक ओढलं. “परत होता तसाच ठेवा. आणि तोंड बंद.”

दाराला मोडतोड नव्हती. किल्ल्या मार्गिटखेरीज चौघांकडे: रसेल, मी, फॉन्टचा कोड लिहिणारा थिओ ब्राउट, आणि इमारतीची झाडलोट, डागडुजी बघणारा डेल बॉसवेल. खून रविवारी दुपारी झालेला. मी तेव्हा मिनिआपोलिसला बहिणीकडे होते. खरं म्हणजे मंगळवारी परतणार होते, पण भांडण झालं आणि पहाटेच निघाले. निएमीने बहिणीला फोन करून भांडणसुद्धा तपासून घेतलं.

रसेल पावणेनऊला आला. उंच, पांढरी दाढी, अंगावर लोकरीचा महागडा कोट. फळीसमोरच्या खुर्चीत बसून तो अर्धा तास बोलत होता. मार्गिट त्याला मुलीसारखी होती. तिचा हात किती साफ होता. टॅमरॅक त्याने सरोवराकाठच्या आपल्या केबिनमध्ये एकट्याने काढला, चाळीस दिवस नुसता एस काढण्यात गेले, आणि त्या एसला पॉलिश करायला ती पोर मिळाली हे त्याचं भाग्य.

“शनिवारी तिचं कुणाशी वाजलं होतं का?” निएमीने विचारलं.

“डेलशी. तिच्या जुन्या स्केचेसचा गठ्ठा नाहीसा झाला. ह्याने कचऱ्यात टाकला म्हणून ती भयंकर बोलली त्याला.” रसेलने डोळे पुसले. “डेल तसा गरीब आहे हो. एकदा दारूच्या गुत्त्यात कुणाचा तरी जबडा मोडला होता, पण त्याला वीस वर्षं झाली.”

एवढ्यात थिओ आला. तिशीचा, काटकुळा. मार्गिट आणि तो तीन वर्षं एकत्र राहिले आणि पटेनासं झाल्यावर नोव्हेंबरात वेगळे झाले. चादरीखालून बाहेर आलेला हात पाहिला आणि त्याने सरळ रसेलच्या तोंडावर ठोसा मारला. खुर्चीसकट रसेल आडवा झाला. दोघा पोलिसांनी थिओला धरलं तरी तो लाथा झाडत होता.

“तू पिळून काढलंस तिला! आठ वर्षं! रविवारीसुद्धा राबवायचास!” मग त्याचा जोर संपला आणि तो गुडघ्यांवर बसून हंबरडा फोडून रडला. रडता रडता मान वर झाली. “आणि तो एस उलटा कुणी ठेवलाय?” तो ओरडला.

रसेल जमिनीवरून उठत ओठावरचं रक्त पुसत होता.

“मी आल्या आल्याच पाहिला,” तो हळूच म्हणाला. “पण अशा वेळी ते बोलणं बरं दिसलं नसतं. डिटेक्टिव्ह, आमच्यापैकी कुणी तो तसा ठेवूच शकत नाही, हे तुमच्या लक्षात आलं ना?”

निएमीने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. ती मान मी आयुष्यभर विसरणार नाही.

३

हिशेब अगदी सोपा दिसत होता. खुन्याने हत्यार धुऊन परत जागेवर ठेवलं, म्हणजे कुणाच्या लक्षात येऊ नये हीच त्याची इच्छा. मग तो उलटा का ठेवील? त्याला उलटसुलट कळत नव्हतं म्हणूनच. किल्ल्या चौघांकडे. तिघं अक्षरांवर जगणारी. चौथा झाडूवाला.

“कुणी मुद्दाम उलटा ठेवून डेलवर ढकललं असेल तर?” निएमीने विचारलं.

“मी तर मंगळवारी येणार होते, सोमवारी तो माझ्या नजरेस पडेल हे कुणाला ठाऊक असणार?” मी म्हटलं. “आणि उलटा नसता तर मी उचललाच नसता. तो उचलला नसता तर तुम्ही अजून हातोडी शोधत असता. हत्यार लपवणारा माणूस मुद्दाम त्याच्याकडे बोट कशाला दाखवील?”

मला माझ्या हुशारीचं तेव्हा केवढं कौतुक वाटलं होतं, तेही सांगून टाकते.

डेलला तळघरात पकडलं. मी जिन्यात उभी होते. साठीकडे झुकलेला आडदांड माणूस, हातात बादली. “मी? मार्गिटला?” एवढंच तो म्हणत राहिला. बेड्या घालताना त्याने हात सोडवून घेतला, तशी दोघांनी त्याचं डोकं लोखंडी दारावर आदळलं. भुवई फुटली. रक्ताने माखलेल्या चेहऱ्याने त्याने माझ्याकडे पाहिलं.

“व्हर्नाबाई, तुम्ही सांगा ना ह्यांना.”

मी नजर खाली वळवली.

त्याच्या पोछ्यावर मार्गिटचं रक्त मिळालं. सोमवारी सकाळी जिन्यात थेंब दिसले ते पुसले, असं तो म्हणाला. कुणी ऐकून घेतलं नाही. जबड्याच्या प्रकरणात तो आधी एकदा आत जाऊन आला होता; ह्या वेळी शिक्षा झाली असती तर मेल्यावरच बाहेर आला असता.

शुक्रवारी दुपारी निएमीचा फोन आला.

“बाई, तुरुंगात जेवणाच्या रांगेत एकाने डेलच्या डोळ्यात घासून टोकदार केलेला टूथब्रश खुपसला. बायकांना मारणारा म्हणून. तो तुम्हाला भेटायचं म्हणतोय.”

४

इस्पितळात त्याचा एक हात पलंगाला बेडीने बांधलेला होता. अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी. पट्टीखालून पिवळं पाणी गळत होतं. डोळा गेला, हे डॉक्टरांनी दारातच सांगितलं होतं. मी खुर्चीच्या कडेवर बसले.

“तुम्ही म्हणालात मी एस उलटा ठेवला,” तो म्हणाला. “वकील सांगत होता.”

“डेल, मी फक्त...”

“थांबा. मला बोलू द्या, दुखतंय. ती अक्षरं फळीवर कोण चढवतं?”

“तू.”

“रसेल साहेब?”

“त्याची पाठ दुखते. तो चिठ्ठी देतो.”

“तुम्ही? थिओ?”

आम्ही कधी हात लावला नव्हता. सहा वर्षं आम्ही चिठ्ठ्या देत होतो आणि सकाळी शब्द उभा असायचा.

“लोखंडाने ओकवर ओरखडे पडत होते,” डेल म्हणाला. “म्हणून पहिल्याच वर्षी मी प्रत्येक अक्षराच्या बुडाला ठिपके चिकटवले. हिरवे. बिलियर्डच्या टेबलाचं जुनं कापड. मला तुमच्या त्या पोटाबिटातलं काही कळत नाही बाई. पण हिरवं खाली, हे मला झोपेत विचारा. मी उचललेला एस उलटा जाईलच कसा?”

वरच्या अंगाला हिरव्या कापडाचे दोन ठिपके. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते आणि कचरा म्हणून सोडून दिले होते.

डेलला ठिपके ठाऊक होते, तो चुकणार नाही. थिओने रडता रडता एस ओळखला. मी मिनिआपोलिसला. ज्याला ठिपके ठाऊक नाहीत आणि आकारही कळत नाही, असाच माणूस हवा होता. उरलेला माणूस तर तो एस आपणच काढला म्हणून देशभर भाषणं देत होता.

अर्धा तास रसेल त्या उलट्या एसच्या समोर बसून बोलत होता. पण थिओ ओरडेपर्यंत एस उलटा असल्याचा चकार शब्द त्याच्या तोंडून निघाला नव्हता.

“डेल,” मी म्हटलं, “तो गठ्ठा तू कचऱ्यात टाकला होतास का?”

“नाही हो. शनिवारी सकाळी रसेल साहेब घेऊन गेले गाडीत. मी तर दार धरलं होतं त्यांच्यासाठी. पोलिसांना सांगितलं, पण कोण ऐकतो?”

५

“नुसत्या ठिपक्यांवर मी ह्या माणसाला बेड्या घालू शकत नाही,” निएमी म्हणाला. “डेलच्या वेळी घाई केली, त्याचं फळ बघतोय.”

“मग बघायला या,” मी म्हटलं.

सोमवारी दहा वाजता निएमी कोपऱ्यात कॉफीचा मग घेऊन बसला, जणू उरलेसुरले कागद तपासायला आला होता. थिओ त्याच्या कॉम्प्युटरसमोर होता. मी मोठ्या टेबलावर टॅमरॅकच्या एसचा दोन फुटी छाप पसरला. तोच कागद सकाळी मी थिओसमोर धरला होता. “उलटा धरलायस,” तो वर न बघताच म्हणाला होता.

रसेल आला. ओठावर खपली होती.

“हॅस्केलवाल्यांना वेबसाइटसाठी एस बदलून हवाय,” मी म्हटलं. “मी म्हटलं मूळच्याला हात लावणार नाही. हा तुमचाच आहे. सही करा, म्हणजे त्यांना पाठवते.”

त्याने चष्मा लावला. जवळून पाहिलं, लांबून पाहिलं. वरच्या मोठ्या पोटावरून त्याने मायेने बोट फिरवलं.

“ह्याला कुणी हात लावायचा नाही,” तो म्हणाला. “चाळीस दिवस, व्हर्ना. ह्या वरच्या वळणासाठी मी चाळीस दिवस दिलेत.” आणि त्याने झोकात सही केली.

थिओ खुर्चीतून अर्धवट उठला. “उलटा आहे तो,” तो कुजबुजला. “रसेल, उलटा आहे.”

“मागच्या सोमवारी तर तुम्हाला आल्या आल्याच दिसला होता ना?” निएमीने कोपऱ्यातून विचारलं. नाक ओढायला तो विसरला होता.

रसेलने आधी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहऱ्यावरचा सगळा रंग उतरला. मला क्षणभर वाटलं हा आता रडेल. तो दोन पावलं मागे सरकला, फळीवरचा शेवटचा एल त्याच्या हाताला लागला, आणि त्या दुखऱ्या पाठीच्या माणसाने लोखंड डोक्यावर उचललं.

मी उजवा हात आडवा धरला. मनगट मोडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला, दुखलं नंतर. दुसरा घाव थिओच्या खांद्यावर बसला, कारण तो मधे पडला. तिसऱ्यासाठी हात वर गेला तेव्हा निएमीने गरम कॉफीचा मग त्याच्या नाकावर फोडला. तिघं टेबलासकट कोसळले. रसेल किंचाळत होता, चावत होता. निएमीच्या अंगठ्याचं मांस त्याच्या दातांत होतं. शेवटी थिओने एका हाताने त्याची दाढी धरून डोकं जमिनीला दाबून ठेवलं, त्याच फळ्यांवर.

“सगळं दिलं होतं तिला!” रसेलच्या तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते. “नोकरी दिली, चांगलं वागवलं! तिला नावच हवं होतं! स्केचेस परत द्या, नाहीतर जगाला सांगते म्हणाली!”

“आणि मग?” निएमीने विचारलं.

“माझ्या हातात पेन्सिल कोंबली तिने. म्हणाली, काढून दाखव. एक एस काढ, आत्ता, इथे माझ्यासमोर, मी गप्प बसेन.” तो हुंदके देऊ लागला. “हसत होती ती. मी पेन्सिल मोडली तरी अर्धा तुकडा पुढे करून हसत होती.”

मला मार्गिटच्या मुठीतला तो अर्धा तुकडा आठवला. मी मोडलेला हात छातीशी धरून भिंतीला टेकले आणि मला त्या म्हाताऱ्याचा जीव घ्यावासा वाटला. हे मी लपवत नाही.

गठ्ठा त्याच्या केबिनमध्ये लाकडांच्या पेटीत सापडला. प्रत्येक कागदावर मार्गिटच्या हातची तारीख, पहिल्या एसपासून शेवटच्या अंकापर्यंत. शेगडी हातभर अंतरावर असून त्याने एकही कागद जाळला नव्हता. पुढचा फॉन्ट त्याला त्यातूनच बाहेर काढायचा होता.

६

एप्रिलमध्ये सरोवरावरचा बर्फ फुटायला लागला तेव्हा डेल कामावर परत आला. टॅमरॅकवर आता मार्गिट लेहतोचं नाव असतं, वेबसाइटवर, छापील कागदांवर, सगळीकडे. त्यासाठी थिओने रात्रंदिवस पत्रं लिहिली. स्टुडिओ आता आम्ही दोघं चालवतो. माझं मनगट जुळलं, पण बारीक वळण काढताना थरथरतं. तक्रार करायचं तोंड मला नाही.

डेल खोक्यातून अक्षरं काढत होता. गेलेल्या डोळ्यावर काळी चकती. मी त्याच्यामागे जाऊन उभी राहिले. तीन महिने घोकलेलं भाषण साफ विसरले.

“डेल, तुझा डोळा माझ्यामुळे गेला.”

“टूथब्रश दुसऱ्याचा होता.” त्याने आर उचलून फडक्याने पुसला. बराच वेळ पुसत राहिला. “पण बाई, सहा वर्षं मी रोज तुमच्यासमोर ही अक्षरं हाताळली. तुम्हाला वाटलं, हा नुसती धूळ झाडतो.”

“हो,” मी म्हटलं. “तसंच वाटलं.”

“हं,” तो म्हणाला आणि कामाला लागला.

त्या दिवशी गिऱ्हाइकाचं नाव नव्हतं. त्याने मार्गिट चढवलं, मग जागा सोडून लेहतो. एस अजून पोलिसांच्या कपाटात आहे, पण तिच्या नावात तो लागत नाही. एच ठेवताना डेलला फळीच्या कडेचा अंदाज आला नाही. अक्षर निसटलं, त्याने गुडघ्यावर झेललं, ते हातात फिरलं, आणि एका डोळ्याने अदमास घेत त्याने ते पुन्हा वर ठेवलं. एचची आडवी दांडी मध्याच्या किंचित वर असते. नवख्याला खालची बाजू वर केलेली कळणार नाही.

“सरळ आहे का बाई?” त्याने विचारलं.

मला दहा फुटांवरून दिसत होतं. तरी मी फळीपाशी गेले, डाव्या हाताने तो जड एच जरा तिरका केला आणि खाली वाकून त्याचं बूड पाहिलं. दोन हिरवे ठिपके होते.

“सरळ आहे,” मी म्हटलं.